ईट, येमेक आणि आपलं खाणं

टंकनिका (गोरेगाव), सोमवार रात्री ११.४०

मंडळी, गेल्या आठवड्यात मी कामात शेण खाल्लं. ते निस्तरताना जे हाती लागलं, त्यावर हा धागा.

परदेशी मालिकांना मराठी उपशीर्षकं लिहिणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. सध्या एक तुर्की मालिका चालू आहे. मला तुर्की येत नाही. संवादांचं इंग्रजी भाषांतर येतं, त्यावरून मी मराठी करते. ते इंग्रजी कोण करतं देव जाणे, पण ते शब्दाला शब्द असतं. एरवी मी त्याच्या नावाने खडे फोडते. पण त्या बोबड्या इंग्रजीतूनच पलीकडची तुर्की डोकावते, हेही खरं.

बाराव्या भागात सून सासूवर वैतागते. इंग्रजीत होतं, तुम्ही माझ्या डोक्याचं मांस खाताय. मी डोळे मिटून लिहिलं, "आई, डोकं नका खाऊ." एकदम फिट्ट.

चौदाव्या भागात गालिच्यांच्या दुकानातला म्हातारा नोकर मालकाबद्दल म्हणतो, त्याने डोकं खाल्लंय. मी पुन्हा तेच लिहून मोकळी. रात्री पावणेदोनला तपासनिसाचा फोन. "मॅडम, पडद्यावर मालक भिंतीशी बोलतोय, बायको रडतेय, आणि तुमचा नोकर म्हणतो डोकं खाल्लं. कुणाचं?" तुर्की येणाऱ्या कुणाला तरी विचारून त्यांनीच सांगितलं, इथे अर्थ आहे "त्याला वेड लागलंय".

म्हणजे पहिलं डोकं जमलं, दुसरं डोकं फसलं.

मग जुन्या भागांचे संवाद उघडून बसले. माणसं मार खातात, थप्पड खातात, गोळी खातात, लाच खातात, अनाथ पुतण्याचा हक्क खातात. इंग्रजीत हे सगळं हास्यास्पद वाटतं. मराठीत मात्र एकही शब्द हलवावा लागत नाही. इंग्रजीतलं 'ईट' आपल्याच कुळातलं ना? मग चुलतभावाशी जमत नाही आणि लांबच्या तुर्कांशी कसं जमतं? जाणकारांनी उजेड पाडावा.

खाऊगल्ली, सोमवार रात्री ११.५२

शीर्षक बघून पाककृती असेल म्हणून आलो. पोपट झाला. तरी बसतो, कुणीतरी शोरबा आणेलच.

डेकवरचा, मंगळवार सकाळी ६.१०

टंकनिकाताई, मी जहाजावर इंजिनियर. इस्तंबूलजवळ तुझला म्हणून गोद्यांचा भाग आहे, तिथे दोनदा मिळून साडेतीन महिने ड्रायडॉकला (जहाज कोरडं करून दुरुस्त करतात ती गोदी) काढले. पुस्तकी तुर्की येत नाही, गोदीतली येते. त्यामुळे चूकभूल द्यावी घ्यावी.

तुर्कीत खाण्याचा धातू नुसता 'ये'. त्याला 'मेक' लावलं की 'येमेक', आपल्या 'खा'ला 'णे' लावतो तसंच. काही धातूंना 'मेक'ऐवजी 'माक' लागतं, आधीचा स्वर बघून. येदिम म्हणजे खाल्लं मी. क्रियापद वाक्याच्या शेवटी, आपल्यासारखंच. 'एल्मा येदिम', सफरचंद खाल्लं. आणि येमेक हे क्रियापद तर आहेच, शिवाय ताटात वाढलेलं जेवणही येमेकच! आपण नाही का म्हणत, "खाणं तयार आहे"? पहिल्याच दिवशी गोदीतल्या मेसवाल्याने आरोळी दिली, "येमेक हाझिर!" 'हाझिर' कळलं, कारण ते आपलं हजर. येमेकचा अर्थ ताट बघून कळला. भाषेचा पहिला धडा तिथेच झाला.

आता तुमचं डोकं. पहिलं वाक्य असणार 'बाशिमिन एतिनी येमेक'. बाश म्हणजे डोकं, एत म्हणजे मांस. अर्थ आपलाच, भुणभुण लावणे. दुसरं 'काफायी येमेक'. काफा म्हणजेसुद्धा डोकंच, पण इथे माणूस स्वतःचंच खातो आणि ठार वेडा होतो. आणि तिसरंही आहे, सांभाळा! 'बाशिनी येमेक', म्हणजे एखाद्याचा सत्यानाश करणे, त्याला संपवणे. मांस खाल्लं तर कटकट, अख्खं डोकं खाल्लं तर खलास.

आमचा उस्ता (मिस्त्री, आपला वस्ताद) सोमवारी तोंड पाडून यायचा. विचारलं की म्हणायचा, तीन गोल खाल्ले. त्याची टीम हरलेली असायची. गोल येमेक. ट्रॅफिक पोलिसाने पावती फाडली की जेझा येमेक, म्हणजे दंड खाणे. आपण दंड भरतो, ते खातात. आणि बाजारात कुणी गंडवलं तर 'काझिक येमेक', खुंटा खाल्ला! मी ग्रँड बझारमधून आणलेल्या चामड्याच्या जाकिटाची किंमत ऐकून अख्ख्या वर्कशॉपने हा शब्द मला एका सुरात शिकवला.

तुम्ही सुरुवातीला शेण खाल्लं म्हणालात ना? पाइपचं फ्लँज मी उलटं बसवलं तेव्हा उस्ता कपाळाला हात लावून म्हणाला, "ने हाल्त येदिन?" शब्दशः, काय घोळ खाल्लास? हा सभ्य अवतार. हाल्तच्या जागी जो असभ्य शब्द वापरतात, तो थेट आपल्या शेणापाशीच येतो. :)

मामी_गिरगावच्या, मंगळवार सकाळी ७.३०

अगं टंकनिका, काल रात्रीच वाचलं, पण चष्मा सापडेना. इंग्रजी 'ईट'चं मला शाळेतलं एवढंच आठवतं की भूतकाळी रूपाचा उच्चार आमच्या बाई 'एट्' असा आखूड करायच्या आणि इन्स्पेक्टर आले की आम्ही सगळ्या मुली इंग्रजीतल्या आठाच्या आकड्यासारखा लांबवायचो. शिव्या खाल्ल्या त्याबद्दल. वाचतेय, लिहीत राहा.

धातुसाधित (डोंबिवली), मंगळवार दुपारी ३.१५

निवृत्त संस्कृत शिक्षक असल्याने या धाग्यावर न लिहिणं मला अशक्य आहे. लांबण लागेल, आधीच क्षमा मागतो.

इंग्रजी 'ईट' जुन्या इंग्रजीत 'एतान' होतं. जर्मनमध्ये 'एसेन', लॅटिनमध्ये 'एदेरे'. आपल्याकडे संस्कृतात अद् धातू, अत्ति म्हणजे खातो. सगळी एकाच घरची भावंडं. आपला 'द' इंग्रजीकडे जाताना 'ट' होतो, हे द्वि आणि टू, दश आणि टेन, दंत आणि टूथ यांत दिसतंच. याकोब ग्रिमने १८२२ मध्ये या बदलांचा नियम बसवून दिला. परीकथावाले ग्रिम बंधू, त्यांतलाच हा थोरला.

मराठीत अद् धातू क्रियापद म्हणून जगला नाही. आपलं खाणे आलं 'खाद्'वरून. पण अद् ताटात मात्र राहिला: अन्न हे अद्-चंच रूप, मूळ अर्थ 'खाल्लेलं'. त्यामुळे 'ईट' आणि 'अन्न' हे सख्खे नातेवाईक आहेत, 'ईट' आणि 'खाणे' नाहीत. टंकनिकाताई, तुमचा चुलतभाऊ वेगळ्या चाळीत राहतो.

इंग्रजीत या 'ईट'ची पिल्लं भलत्याच ठिकाणी सापडतात. 'फ्रेट' म्हणजे चिंता करणे. हे जुन्या इंग्रजीत 'फ्रेतान', म्हणजे अधाशासारखं खाऊन फस्त करणे. जर्मनमध्ये जनावराच्या खाण्याला आजही 'फ्रेसेन' म्हणतात, माणसाला म्हटलं तर अपमान, आपल्या 'गिळ'सारखा. इंग्रजीत तो दात कपड्यावरून, लोखंडावरून सरकत सरकत मनावर आला. आपण म्हणतोच, चिंता माणसाला खाते. 'एच' म्हणजे धातूच्या पत्र्यावर आम्लाने चित्र कोरणे. हा शब्द डच भाषेतून आला, त्याच्या मुळाशी जर्मन 'एत्सेन', म्हणजे खायला लावणे. आम्लाला तांबं खायला लावतात ना! आणि 'ओबीस' म्हणजे लठ्ठ. त्यात लॅटिन 'एदेरे' बसलाय.

'हंबल पाय खाणे', म्हणजे नमतं घेऊन चूक कबूल करणे, ही मात्र मूळची कोटी. (हा 'पाय' म्हणजे पिठाच्या पारीत सारण भरून भाजलेला पदार्थ, आपला पाय नव्हे.) 'अंबल्स' म्हणजे हरणाची आतडी-काळीज वगैरे. साहेबाच्या ताटात मांस, नोकराच्या ताटात अंबल्सची पाय. 'हंबल' आणि 'अंबल' यांचा उच्चार जवळचा, त्यातून मान खाली घालणं आलं.

तुर्की त्या भाषाकुळातलीच नाही. तिचे सोयरे उझबेक, कझाक, किरगिझ, अझरबैजानी. उझबेकमध्ये येमोक, कझाकमध्ये य-चा ज होऊन जेउ. तेव्हा 'येमेक'चं 'ईट'शी किंवा 'खाणे'शी रक्ताचं नातं शून्य. मग वाक्प्रचार का जुळतात, हा खरा प्रश्न. तो मी इतरांवर सोडतो.

चौथी_सीट, मंगळवार संध्याकाळी ७.०५

घाटकोपर गेलं, आता हात हलवता येतोय म्हणून टंकतो.

धातुसाधित सरांना दंडवत. पण टंकनिका, इंग्रजी इतकंही वेगळं नाही. आमचा अमेरिकन क्लायंट परवाच मीटिंगमध्ये म्हणाला, 'वुई विल ईट द कॉस्ट'. म्हणजे तोटा ते सोसणार. 'ईटिंग युअर वर्ड्स'मध्येही खाणाऱ्याचीच नाचक्की. 'व्हॉट्स ईटिंग यू' हे तर आपलं 'मनाला काय खातंय'.

टंकनिका, मंगळवार रात्री १०.२०

चौथी_सीट, मुद्दा बरोबर आहे, दिवसभर त्यावरच घुटमळले. पण बघा, तिथे बांधलेली चारदोन वाक्यं आहेत. शब्द खाणे, पाय खाणे, तोटा खाणे. 'त्याने थप्पड खाल्ली' हे इंग्रजीत नवीन करून बघा, होत नाही. तिथे थप्पड 'घेतात' किंवा 'मिळते'. इंग्रजीत ईट म्हटलं की बहुतेक वेळा खाणारा वरचढ: गंज लोखंड खातो, हप्ता पगार खातो, समुद्र किनारा खातो. उरतो तो खाणारा, संपते ती वस्तू.

आपल्याकडे आणि तुर्कीत हे दोन्हीकडून चालतं. लाच खाणारा मस्तवाल, मार खाणारा बिचारा. कर्ता दोघंही, क्रियापद एकच. फक्त पुढचं नाम बघून कळतं की हा गडी खातोय की भोगतोय. मी चौदाव्या भागात नेमकी तिथेच घसरले. 'डोकं खाल्लं' यात मी मालकाला छळणारा समजले, तो निघाला भोगणारा.

धातुसाधित, मंगळवार रात्री १०.५८

"खातोय की भोगतोय"! ताई, तुम्ही नकळत पाणिनीच्या अंगणात आलात. झोपायला निघालो होतो, पुन्हा बसलो.

भोजन आणि भोग एकाच 'भुज्' धातूचे. धातुपाठात त्याचे दोन अर्थ दिलेत: पालन करणे आणि खाणे. पाणिनीने चक्क सूत्र केलंय, 'भुजोऽनवने'. रक्षण हा अर्थ नसेल तर आत्मनेपद, म्हणजे क्रियापदाच्या प्रत्ययांचा दुसरा संच. म्हणजे राजा पृथ्वीचं पालन करतो तेव्हा 'भुनक्ति', आणि ब्राह्मण भात खातो तेव्हा 'भुङ्क्ते'. प्रत्यय चुकला की राजाने पृथ्वी खाल्ली! (हल्ली कुठला प्रत्यय लावावा यावर बोलत नाही, धागा राजकारणाकडे जाईल.)

त्याच भुज्-वरून मराठीत जेवणाला भोजन, सुखाला उपभोग आणि दुःखाला भोग. "माझे भोग" म्हणताना आजी काही पंगतीबद्दल बोलत नसे. तैत्तिरीय उपनिषदात 'अन्न' शब्दाची व्युत्पत्तीच अशी दिलीय: 'अद्यतेऽत्ति च भूतानि'. जे खाल्लं जातं आणि जे प्राण्यांना खातं, ते अन्न. खाणं दुधारी असतं, हे आपल्याकडे फार आधीपासून माहीत आहे. त्यामुळे मार खाण्यासाठी तुर्कांकडे जायला नको, ते आपलं घरचंच असावं.

इराण्याच्या_वरचा_मजला, बुधवार सकाळी ९.४५

सर, आदर राखून असहमत.

माझं बालपण ग्रँट रोडला इराण्याच्या हॉटेलाच्या बरोबर वर गेलं. ब्रून मस्क्याचा वास हा आमचा गजर. गल्ल्यावरच्या काकांनी मला फारसी शिकवली ती पानी कम चायच्या बदल्यात, मी त्यांची विजेची बिलं वाचून द्यायचो. त्यांच्या फारसीत खाणे म्हणजे 'खुर्दन', आणि त्या एका क्रियापदावर अर्धा संसार चालायचा. मार खाणे 'कोतक खुर्दन'. हरणे 'शिकस्त खुर्दन', पराभव खाल्ला. सर्दी झाली तर 'सर्मा खुर्दन', थंडी खाल्ली. दुःख करणे 'ग़म खुर्दन'. एकदा मी जिन्यावरून गडगडत थेट त्यांच्या दारात आलो. काका उठलेही नाहीत, नुसतं म्हणाले, "ज़मीन खुर्दी?" जमीन खाल्लीस? पडणे म्हणजे जमीन खाणे! आपली माती खाणे वेगळी, ती परीक्षेत खातात.

आता पुरावा. आपल्या मराठीतला 'खोर' कुठून आला? लाचखोर, हरामखोर, चुगलखोर, नफेखोर. तो खुर्दनचाच 'खोर', म्हणजे खाणारा. इतका मुरलाय की आपण तो मराठी शब्दालाही लावला: भांडखोर. भांडण खाणारा! फारसीची पंगत आपल्या ओट्यावर बसली होती, हे माधव ज्यूलियनांचा १९२५ चा फार्शी-मराठी कोश चाळलात तरी दिसेल. तुर्कांच्या दरबारातही शेकडो वर्षं फारसीचाच रुबाब होता. म्हणजे यजमान एक आणि दोन पाहुणे, तुर्की आणि मराठी. चवी जुळल्या तर नवल काय?

खाऊगल्ली, बुधवार सकाळी १०.०२

पण मोगल मूळचे तुर्कच ना? थेट तिकडूनच आलं असेल की.

इराण्याच्या_वरचा_मजला, बुधवार सकाळी १०.३०

बाबराची मायबोली चगताई तुर्की, त्याने आत्मचरित्रही तिच्यातच लिहिलं. पण मोगल दरबाराचा कारभार फारसीत चालला. आपल्याकडे तुर्की शब्द आले ते बहुतेक फारसीच्या खांद्यावर बसून. तोफ, बेगम, बावर्ची. मशालची, खजानची यांतला 'ची'सुद्धा.

डेकवरचा, बुधवार दुपारी १.२०

यात 'चकमक' घाला! तुर्कीत चाक्माक म्हणजे ठिणगी पाडायला आपटणे, आणि तेच नाव लायटरलाही. येमेकसारखीच गत, क्रियापद आणि वस्तू एकच. उस्ताने सिगरेट तोंडात धरून मला "चाक्माक?" विचारलं तेव्हा मला वाटलं भांडायला आला.

कानडाऊ (माटुंगा), बुधवार दुपारी ४.४०

मी घरी कन्नड, बाहेर मराठी. एक खडा टाकतो. कन्नडमध्ये 'पेट्टु तिन्नु', म्हणजे फटका खाणे. तेलुगूत 'देब्बलु तिनु', अर्थ तोच. या द्राविडी भाषा, ना फारसीच्या कुळातल्या ना संस्कृतच्या. बंगाली मारही खातात, सिगरेटही खातात आणि पाणीसुद्धा खातात. चिनी माणूस हाल काढतो तेव्हा 'कडू खातो' आणि जळतो तेव्हा 'व्हिनेगर खातो'. म्हणजे एका इराण्याच्या भटारखान्यात हे सगळं शिजलं, हे पचत नाही. (बघा, पचतही नाही म्हणतो मी.)

इराण्याच्या_वरचा_मजला, बुधवार संध्याकाळी ६.१५

कानडाऊ, चिन्यांपुढे मी शिकस्त खाल्ली. थोडी माघार घेतो: मार खाणे घरचं असेल, 'खोर' मात्र माझा. तो सोडणार नाही.

धातुसाधित, बुधवार संध्याकाळी ६.४०

'खोर' तुमचा. बाकी घरचं. तह मंजूर.

चौथी_सीट, बुधवार रात्री ८.३०

तह झाला तर एक शंका. लाच *देणाऱ्याला* तुर्कीत काय? आपण पैसे चारतो.

डेकवरचा, बुधवार रात्री ९.००

तेही चारतात! 'येदिर्मेक', म्हणजे खाऊ घालणे. 'पारा येदिर्मेक', पैसे चारणे. पारा म्हणजे पैसा. आणि बापजाद्यांची इस्टेट उडवणारा तो 'मिरासयेदी'. मिरास म्हणजे वारसा, आपल्या मिरासदारातली मिरास. 'मिरास खाल्लेला'. एका शब्दात अख्खा खानदानी नालायक.

पण सगळंच जुळतं असं समजून पुन्हा माती खाऊ नका. हवा आपण खातो, तुर्क घेतात. शब्द मागे घ्यायची वेळ आली की इंग्रज शब्द खातो, तुर्क थुंकलेलं चाटतो, 'त्युक्युर्द्युयुन्यु यालामाक'. (हा शब्द टंकायला मला चार मिनिटं लागली, दाद द्या.) चिंता लागली की 'इचिम इचिमी यियोर', माझं आतलं माझ्या आतल्याला खातंय.

पिणे तर आणखी वेगळं. 'इच्मेक' म्हणजे पिणे. सिगरेट पितात, ठीक, आपल्याकडेही विडी पिणारे आहेत. खाऊगल्ली, तुमचा शोरबा तिकडे 'चोर्बा', तोही पितात. औषधाला 'इलाच', म्हणजे आपला इलाज, आणि गोळी असली तरी ती पितातच! शपथसुद्धा पितात: 'आन्त इच्मेक'.

इराण्याच्या_वरचा_मजला, बुधवार रात्री ९.२५

शपथ फारसीत खातात, 'सौगंद खुर्दन'. आणि हा सौगंद मुळात गंधकाचं पाणी. अवेस्तात, म्हणजे पारशांच्या धर्मग्रंथात, तो शब्द आहे. खरं-खोटं ठरवायला ते पाजायचे, दिव्य म्हणून. म्हणजे शपथ खरोखरच घशाखाली उतरायची. काका कसम घेताना आवंढा का गिळायचे, ते आज कळलं.

मामी_गिरगावच्या, गुरुवार सकाळी ७.४५

तुम्ही सगळे भारी लिहिताय, पण तुर्कांची एक गोष्ट मलाही ठाऊक आहे, मुलं लहान असताना सांगायचे. नसरुद्दिन होजा साध्या कपड्यात मेजवानीला जातो, कुणी विचारत नाही. घरी जाऊन फरचा कोट घालून येतो, तर थेट मानाच्या पाटावर. मग तो कोटाची बाही ताटात बुडवतो आणि म्हणतो, खा रे माझ्या कोटा, खा.

गेल्या मे महिन्यात आमच्या पुतणीच्या लग्नात मी सुती साडीतच गेले, गुडघ्यामुळे. बुफेवरच्या पोराला वाटलं, मला कामवाल्या बायकांच्या रांगेत पाठवायचं. तेवढ्यात वहिनींनी पाहिलं. पैठणी असती तर मी पदर श्रीखंडात बुडवला असता. सुतीला काय भरवणार!

डेकवरचा, गुरुवार सकाळी ८.१०

मामी, __/\__ 'ये क्युर्क्युम ये'. तिकडे ही म्हणच झालीय, कपड्यावरून मान देणाऱ्यांना टोमणा म्हणून. होजाची कबर आक्शेहिरला दाखवतात.

आणि खाल्ल्या मिठाला जागणे तिकडेही आहे, 'तुझ एक्मेक हाक्की', मीठ-भाकरीचा हक्क. कृतघ्न माणसाला 'नान्क्योर' म्हणतात, मूळ फारसी. नान म्हणजे भाकरी, कोर म्हणजे आंधळा. खाल्लेली भाकरी ज्याला दिसत नाही तो.

मामी_गिरगावच्या, गुरुवार सकाळी ८.२२

आपल्याकडच्या कृतघ्नाला मात्र दिसतं, तो वासे मोजत बसतो. खाल्ल्या घरचे.

टंकनिका, गुरुवार रात्री ११.०५

धागा इतका चालेल असं वाटलं नव्हतं. पण एक तातडीचं काम आहे, उद्या सकाळी भाग पाठवायचाय.

पुन्हा तेच गालिच्यांचं दुकान. मालक आता बरा झालाय. भाचा येऊन रडगाणं गातो: धंदा बुडाला, पाकीट मारलं गेलं, पोरगी आजारी. प्रेक्षकाला माहीत आहे की सगळ्या थापा आहेत. मालक ऐकून घेतो, चहाचा पेला खाली ठेवतो आणि एकच शब्द बोलतो. इंग्रजीत आलंय, 'दे डोण्ट ईट'. कोण खात नाहीत? दुकानात ते दोघंच आहेत. एका ओळीत फार तर ४२ अक्षरं बसतात आणि तो शब्द पडद्यावर दीड सेकंद आहे.

डेकवरचा, गुरुवार रात्री ११.२०

तो शब्द 'येमेझ्लेर'. शब्दशः खरंच 'खात नाहीत'. अर्थ, ही थाप इथे कुणी खाणार नाही, चालता हो. आमच्या उस्ताचा लाडका शब्द. आजारपणाची रजा मागितली की हाच ऐकायला मिळायचा.

चौथी_सीट, गुरुवार रात्री ११.२४

"कुणाला शेंडी लावतोस?"

कानडाऊ, गुरुवार रात्री ११.२६

"हे पचणार नाही." माझं आधीचंच, फुकट घ्या.

धातुसाधित, गुरुवार रात्री ११.३१

शेंडीत मालक चिडलेला वाटतो. पेला *खाली ठेवून* बोलतोय म्हणजे तो थंड आहे. आणि पचणं खाल्ल्यानंतर येतं, इथे तर घासच घेतलेला नाही.

मामी_गिरगावच्या, गुरुवार रात्री ११.३३

अगं, "तुझी डाळ इथे शिजणार नाही."

टंकनिका, गुरुवार रात्री ११.३५

मामी!!! तिकडे खात नाहीत, इकडे शिजतच नाही. ओळीतही बसतंय. पाठवते.

टंकनिका, शुक्रवार दुपारी १२.५०

तपासनिसाचा शेरा आला. "मॅडम, सीनमध्ये चहा आणि गालिचे आहेत. डाळ कुठून आली?"